मळ्या

अल-हमराच्या खालच्या अंगाला वादीचं पाणी
आता तीनच डोहांत उरलंय.
मला आणलंय गाडी चालवायला,
पण जाळ्याचं दुसरं टोक धरायला माणूस कमी पडला
आणि डॉक्टर रय्या बिंत सैफ म्हणाल्या, बूट काढ.

पांढऱ्या ट्रेमध्ये बोटाएवढा मासा.
त्या भिंग धरून मोजतात:
पाठीच्या पराचे काटे, मिशा चार,
कल्ल्यापासून शेपटीपर्यंतच्या रेघेवरचे खवले,
तेहेतीस. नाही, चौतीस.
पुन्हा पहिल्यापासून.
एवढं कशाला, बाई,
उलटा करा त्याला.

हौसाआत्या पाटीतले मासे अंधारातच निवडायची,
घोडनदीच्या काठी, कंदील न लावता.
हनुवटीखालून अंगठा फिरवला की बास.
बटणाएवढी चकती लागली,
पुरातसुद्धा ज्यानं धोंडा सोडला नाही,
तो मळ्या.

मी अंगठा फिरवला.
होती. तीच चकती, तीच खरबरीत कड.
"मळ्या!" मी ओरडलोच,
परमुलखात गावचं माणूस दिसावं तसा.

त्या हसल्या. हा तो नव्हे, म्हणाल्या, चुलत घराण्यातला.
आम्ही ह्याला सद्द म्हणतो.
तरी वहीच्या कडेला, उजवीकडून डावीकडे,
लिहून घेतलं: मल्या.
अरबीत ळ नाही.

मग विचारलं, तुमच्या नदीत अजून आहेत?

कारखान्यानं मळी सोडली त्या सकाळी
मोजणं फार सोपं होतं.
सगळे पोट वर करून,
सगळ्यांच्या हनुवट्या आभाळाकडे.
आत्या गुडघाभर काळ्या पाण्यात उभी,
एकेकाचं नाव घेत होती,
मळ्या, मळ्या, वाम, खवली, मळ्या,
आणि पाटी काठावर रिकामीच.

मळी आणि मळ्या,
हे मोडक्या हिंदीत कसं सांगायचं?
"असतील," म्हणालो. "वरच्या अंगाला."

एक बाटलीत गेला.
चिठ्ठीवर तारीख, डोह क्रमांक दोन,
आणि 'पकडणारा' ह्या रकान्यात
त्यांनी माझं नाव विचारून विचारून लिहिलं.
माझ्या कार्डावर लिहिलंय: अवजड वाहनचालक.

बाकीचे सोडून दिले.
माझ्या हातातला मात्र जाईना,
तळव्याला चिकटून बसला, हनुवटीनं.
मी हात पाण्यात धरून
तसाच ओणवा राहिलो.
वर गाडी उन्हात तापत होती.