खरडू नको

शारजाच्या अल-सजा भागात, भंगार गाड्यांच्या यार्डात
मी पावत्या फाडतो.
दुपारी पत्रा हाताला चावतो.

दोन-तीन महिन्यांनी येतो न्दावुला, युगांडाचा.
बगलेत रेक्झिनचं पाकीट,
त्यात गावच्या बायकांनी भिशी लावून जमवलेले डॉलर.
मोजताना प्रत्येक नोटेला थुंकी.

या खेपेला शाळेची बस हवी होती.
सीटा काढून दोन खाटा बसवायच्या, म्हणाला.
दवाखाना चाळीस मैल.
रस्ता नकाशात डांबरी आहे,
तीनदा उद्घाटन झालंय त्या डांबराचं;
गावानं पाहिली ती फक्त कात्री.

मी विचारलं, ही अरबी अक्षरं खरडून देऊ?
पेंटर बसलाय रिकामाच.
नको नको, खरडू नको, तो घाईनं म्हणाला.
कोरी गाडी दिसली की सरकार आपलं नाव रंगवतं,
आणि नाव वाळायच्या आत
गाडी साहेबाच्या मेहुण्याच्या वऱ्हाडाला जाते.
हे तिथं कुणाला वाचता येत नाही. राहू दे.

मी हसलो.
तो मेहुणा माझ्या ओळखीचा निघाला:
आमच्या तालुक्याच्या दवाखान्याची जीप
मी कांद्याच्या गोण्या वाहताना पाहिली आहे.

‘जुने वाहन, जसे आहे तसे’ लिहिलं, शिक्का मारला.

तेवढ्यात तो परत बसमध्ये चढला,
मागच्या सीटखाली वाकला
आणि एक लहानशी निळी चप्पल
माझ्या टेबलावर आणून ठेवली.

पावतीत नव्हती, म्हणाला.