सोळा गाण्यांची तबकडी

चष्म्यांच्या खोक्यात आली ती.
डोळ्यांच्या शिबिरासाठी कुठल्या दूरच्या मंडळीने
वापरलेले चष्मे धाडले होते, एकशे चाळीस,
आणि त्यांच्या काड्यांच्या गुंत्यात ही:
सोळा गाणी, अकरा देश,
कव्हरावर तिकिटाएवढे सोळा चेहरे,
सगळ्यांचे दात चांगले.

पाळक गवई म्हणाले, ठेवून द्या कपाटात.
आमच्याकडे पेटी होती, डफ होता,
पेटीवर शमुवेल अंभोरे,
ज्यांनी त्याच खोक्यातला एक बायकी चष्मा निवडला
आणि मरेपर्यंत घातला.

तबकडी वाजवायचं यंत्र
आख्ख्या खैरखेडात एकच, शफीभाईच्या ट्रॅक्टरवर.
उपासना संपली की तो ट्रॅक्टर
मागे घेत घेत चर्चच्या खिडकीशी लावायचा
आणि ओरडायचा, "पाच गाने, बस. बॅटरी उतरते."
पहिल्या ठेक्याला स्पीकरमधून
सोयाबीनचा भुसा उडायचा.

त्यातली एकही भाषा आम्हाला येत नव्हती.
इंग्रजी थोडी, तीही दहावीपुरती.
मी वहीत लिहून घ्यायची, कानाला पडेल तसं,
आणि शमुवेलकाका सूर शोधत बसायचे.
"काळी चार," म्हणायचे. "गानं त्याहीचं, पट्टी आपली."
आफ्रिकेतल्या गाण्यात एकच शब्द कळला, बाबा.
"म्हंजे तिकडंही बाबालेच सांगतेत सारं,"
मार्थाकाकू म्हणाली, आणि डोळे पुसायला बाहेर गेली.

अकरावं कोरियातलं.
एक बाई, आवाज असा की
रिकाम्या कोठीत कुणी दाणे ओततंय.
आबोजी, म्हणायची ती, आबोजी.
काकांचा भात्यावरचा हात थांबला.
"बाप्पा, हे तं आबाजीले हाक मारून राह्यली!"

नेमका तिथेच ओरखडा.
आबो, आबो, आबो, आबो.
शफीभाई डॅशबोर्डवर थाप मारायचा
तेव्हा कुठे बाई पुढे सरायची.

आम्ही ते गाणं बसवलं तसंच,
अडकण्यासकट, थापेसकट.
नाताळच्या रात्री चाळीस माणसं
एका शब्दावर अडून राहायची,
शालीतून वाफ निघायची,
मग दानिएलच्या पोराने डफावर थाप दिली
की सगळी एकदम सुटायची.
पाळकांनी विचारलं, इतक्यांदा कशाला?
काका म्हणाले, "एका हाकेत कोन वळून पाह्यते?"

पुढे नागपूरला, नर्सिंगच्या होस्टेलात,
शेजारच्या खोलीत तेच गाणं लागलं.
सरळ गेलं.
मी भिंतीला कान लावून त्या जागेची वाट पाहत राहिले
आणि ते संपलं.

काका गेले त्या साली ट्रॅक्टरही गेला.
दोन वेगळ्या गोष्टी,
पण गावात त्या एकाच वाक्यात सांगतात.

परवा रूथच्या शेतात गेले होते.
ज्वारी निसवलेली, आणि कणसांवर
सुतळीने टांगलेली ती, पाखरांसाठी.
कोपऱ्यात अजून माझ्या अक्षरातला अकराचा आकडा,
अर्धा धुतलेला.
"फेकून देनार होती," रूथ म्हणाली, "पन चमकते चांगली."

यंत्रातही तिच्यावर उजेडच फिरायचा, म्हणतात.
आता ऊन फिरतं. ज्वारीवर, तिच्या लुगड्यावर,
एका बैलाच्या पाठीवर रंगीत ठिपका पडतो
आणि तो शेपटीने झटकतो.

राघू काही भीत नाहीत.
एक तर सुतळीवरच बसला होता, दाणा सोलत.

बांधावर पत्र्याचा डबा होता.
मी त्यावर एक थाप दिली.
राघू उडाले.
ती पुढे सरली का, सांगता येत नाही.
वारा होता.