राखणदाराच्या वहाणा

पाठ अकरावा : आपले मदतनीस.
चित्रात पोलीस, डॉक्टर, पोस्टमन
आणि एक बंब, ज्याला मागच्या वर्षीच कुणीतरी
मिशा काढून ठेवल्यात.
तिसरी-चौथी एकत्र, मिळून सतरा मुलं.
मी विचारते, गाव कोण राखतं?

तन्वेश घाडी हात वर न करताच बोलतो :
राखणदार, टीचर.
रात्री फिरतो. खांद्यावर घोंगडी, हातात दांडा.
आजोबांनी त्याची चूड बघितलीय
खाणीच्या कडेकडेनं जाताना.
त्याला आम्ही रोट देतो, विडी देतो
आणि कातड्याच्या वहाणा.
वर्षानं जाऊन बघायचं,
टाचा झिजलेल्या असतात.

एल्विटा म्हणते, आमच्या वाड्यावर खुरीस आहे.
मे महिन्यात तिथं लादाईन म्हणतो,
मग उकडलेले चणे मिळतात. मोठ्यांना दुसरंही काही.
सफवान जरा थांबतो.
माझी अम्मी झोपताना पुटपुटते
आणि चारी बाजूंना फुंकर घालते.
कशी, विचारल्यावर घालून दाखवतो.
मग अख्खा वर्ग फुंकर घालत सुटतो,
टेबलावरची खडूची पूड माझ्या साडीवर.

पुस्तकात यातलं काहीच नाही.
मी म्हणते, बरोबर. आणि पंचायत?
स्वानंदी म्हणते, जिथं दाखला मिळतो ती.
मी फळ्यावर लिहिते : पंच, सरपंच, सचिव, ग्रामसभा.
ग्रामसभा म्हणजे काय, तर गावाचं गाऱ्हाणं.
हा शब्द वापरायला नको होता.
तन्वेशचे आजोबा देवळात गाऱ्हाणं घालतात,
एकेक वाक्य संपलं की
मागचे सगळे म्हणतात, व्हय महाराजा.
ग्रामसभेत व्हय कोण म्हणतो, टीचर?

खाण बंद पडली तेव्हा ही मुलं जन्मली नव्हती.
खड्ड्यात पाणी आहे, हिरवं,
इतकं हिरवं की पणजीहून लोक फोटो काढायला येतात.
कुंपणाचे चार खांब उरलेत, तार गेली.
पंचायत म्हणते, जागा कंपनीची.
कंपनी म्हणते, लीज संपलं.
खाण खातं म्हणतं, पंचायतीमार्फत पाठवा.
माझ्या कपाटात तीन पोचपावत्या आहेत,
एकीवरचा शिक्का उलटा.

गेल्या दिवाळीत स्वानंदीची म्हैस त्या पाण्यात उतरली.
म्हशीला पोहता येतं,
हे मीच शिकवलं होतं, परिसर अभ्यास, पाठ चौथा.
आली असती पोहत.
वर चढायला काठ नव्हता.

आता स्वानंदी विचारते,
राखणदाराच्या वहाणा झिजतात, मग सरपंचाच्या?
ते गाडीतून फिरतात गो, एल्विटा सांगते.
वर्ग हसतो. मीही हसते,
मग खिडकीतून बाहेर बघते, कुणी ऐकलं तर नाही ना.
सरकारी नोकरी आहे.

स्वाध्याय, प्रश्न दुसरा, रिकाम्या जागा भरा :
आपल्या सुरक्षिततेसाठी ........ काम करतात.
वह्या आल्या.
राखणदार. खुरीस. अम्मी. पोलीस, पोलीस, पोलीस.
एकानं लिहिलंय बंब, मिशांसकट.
स्वानंदीनं जागा रिकामीच ठेवलीय.
सगळ्यांना बरोबरची खूण केली. तिलाही.

रविवारी ग्रामसभा आहे.
मुलांना आत सोडतात का, तन्वेशचा प्रश्न.
आवाज मोठा लागतो ना, आम्ही मागं उभे राहू.
मला ठाऊक नाही, मी म्हणाले. विचारून सांगते.

शाळा सुटली की वळणापर्यंत त्यांच्याबरोबर चालते,
पाण्याच्या बाजूनं मी.
वळणावर मोजते. सतरा.
मग परत, तीच वाट, एकटी.
डिचोलीच्या बाजारात चपला शिवणारा
माझी चप्पल उलटी करून बघतो,
बाई, गणपतीत तर टाच बसवून दिली होती.