रक्त नको, तारे चालतील

मे महिना. यावलात अकरा वाजले की
रस्ता स्वतःच घरात जाऊन बसतो.
भैरवी कूलरच्या पाण्यात बोट बुडवते, गालावर फिरवते,
म्हणते, गेम दे. कार्टूनवाला.
मारलं तर डोक्याभोवती तारे फिरतात, तसला.
खऱ्या माणसांचा नको,
खरी माणसं पडली की उठत नाहीत.

सात वर्षांची आहे. हे तिला कुणी सांगितलं
मी विचारलं नाही.

झोपे मोबाइलवाले म्हणाले, घ्या ना ताई, फुल्ल कार्टून आहे,
आमचा पोरगा दिवसभर तेच खेळू राह्यला.
उघडलं तर कोंबडीचं पिल्लू, डोळे ताटाएवढे,
पंखाखाली बंदूक.
गोळी लागली की नुसती पिसं उडतात हो, झोपे म्हणाले,
रक्त कुठंय?
रक्त नव्हतं, हे खरं.

डेपोतून आले, भांडी घासली, ती झोपली.
मग खाटेवर उताणी पडून, फोन छातीवर उभा धरून
एकेक गेम चाखला,
पाहुणे बसायच्या आधी शेवभाजीचा रस्सा
हातावर घेऊन चाखतात तसा.

ससा होता. गाजरं वेचायचा. गोड.
पण दर चौथ्या उडीला एक मिशीवाला यायचा
आणि रमी खेळा म्हणायचा.
डुकराचं हॉटेल होतं. भरीत नव्हतं तिथं,
पण पुऱ्या बऱ्या तळायचं.
तिसऱ्या गिऱ्हाइकाला तेल संपलं, म्हणे हिरे विकत घ्या.
हिऱ्यांच्या दुकानाला कुलूप, फक्त मोठ्यांनी उघडायचं:
सात आठे किती?
आता काय सांगू. बारापर्यंतचे पाढे
मीच पाठ करून घेतलेत,
दिवाळीच्या सुट्टीत, रोज संध्याकाळी, ओरडून.

एक राजकन्या होती, तिला नुसतं सजवायचं.
ओठ जाड करायला वेगळं बटण.
तिला पुसून टाकलं.

सगळ्यांवर लिहिलेलं: तीन वर्षे व पुढे.
पुढे म्हणजे कुठपर्यंत?
मी बेचाळीसची, मला तो मिशीवाला झेपला नाही.

पावणेएकला अस्वल सापडलं.
बस चालवतं. पिवळी.
थांबा आला की दार उघडतं,
कासव चढतं, बेडूक चढतो,
तिकीट नाही, सुट्ट्या पैशांची कटकट नाही,
कुणी हरत नाही.
मी वाहतूक नियंत्रक. दिवसभर गाड्याच बघते.
तरी दोनपर्यंत चालवली.

सकाळी दिली. भैरवीनं पहिल्या थांब्यावर दार उघडलं
आणि उघडंच ठेवलं.
अगं, निघ ना.
थांब, कुणी पळत येत असेल.
कुणी नाही, गेममध्ये तेवढेच असतात.
तुला काय माहीत? तू थांबून पाहिलंयस?

नव्हतं पाहिलं.
पाऊण तास ती तशीच, चार्जरला चिकटून,
मधूनच बेडकाला समजावत,
येईल रे, ऊन आहे ना.
पोळ्या लाटता लाटता मीही वळून बघत होते.
कुणी आलं नाही.
तिला त्याचं काही वाटलं नाही.
फोन बंद पडला, तेव्हा म्हणाली, जेवायला दे.

सोमवारी फलाट दोनवर भुसावळ गाडी.
दोन चाळीस. बऱ्हाटे ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून
माझ्याकडे बघतात.
फाटकाकडे कुणी नाही,
वितळलेलं डांबर, एक कुत्रं,
रसवंतीचं थांबलेलं चाक.
माइक हातात घेतला. खाली ठेवला.

दोन त्रेचाळीसला सोडली.
वहीत उशिराच्या कारणाचा रकाना असतो.
आधी 'प्रवासी' लिहिलं.
मग खोडून, 'ऊन'.