कार्बन

ओरुरोत, पालिकेच्या पायरीशी
कासिमिरा टाइपरायटर मांडून बसते.
मध्यरात्री डिझेल वाढलं, सकाळी रांग.

खाणीतला एउसेबियो म्हणतो, लिही,
तुमच्या ताटात माती पडो.
ती टंकते : सदर निर्णयाचा आमच्या आहारावर परिणाम झाला आहे.
बटाटेवाली म्हणते, मेल्यांनो, कधी बाजारात पाऊल टाकलंत?
ती टंकते : प्रत्यक्ष पाहणी व्हावी, ही विनंती.

एक म्हातारा काहीच बोलत नाही,
खिसा उलटा करून दाखवतो.
ती बराच वेळ कळांवर बोटं ठेवून बसते.
मग : सोबत पुरावा जोडला आहे.

शिव्या ती फुकट ऐकते. पैसे पानाचे.

संध्याकाळी डोंगरावरून गार वारा सुटतो
तेव्हा आवरता आवरता
कार्बन उजेडासमोर धरते.
दिवसभराचे अर्ज एकावर एक,
कुणाचं काय, काही लागत नाही.
फक्त ‘सविनय’ जिथे येतं
तिथे आपटून आपटून भोक पडलंय.

भोकातून पालिकेची वरची खिडकी दिसते.
दिवा आहे.
कुणीतरी वाचत बसलंय,
नाहीतर बंद करायला विसरलेत.