कलम सातवं

वेंगुर्ल्याच्या कोर्टासमोर माझं टेबल आहे.
एकोणतीस वर्षं करारनामे टाइप करते.
आमच्याकडे कलम म्हणजे आधी आंबा, मग कायदा,
आणि दोन्हीला मोहर यायच्या आत गिऱ्हाईक येतं.

'एकूण झाडे बेचाळीस, मुदत तीन हंगाम,
तदनंतर बाग मालकाच्या ताब्यात.'
हे वाक्य माझ्या बोटांना पाठ आहे.
व्यापारी चौथ्या साली घळ घेऊन आला
तर राखणदार कुत्रं सोडतो.
कोर्टाची गरज पडत नाही.

सगुण आरोलकरांचा कागद मात्र वेगळा.
घडीवर चार जागी फाटलेला:
एका सिनेमाचं संगीत, कॅसेट कंपनीला, पंधरा वर्षांकरिता.
सिनेमा कुडाळात अकरा दिवस टिकला.
गाणं अजून प्रत्येक हळदीला आहे,
होडीच्या पूजेला आहे,
नाक्यावरच्या हॉटेलात सोलकढीसारखं वरून फुकट.

कलम सातवं: मुदतीनंतर सर्व हक्क संगीतकाराकडे परत.
मुदत संपून बावीस वर्षं झाली.
कंपनी विकली गेली, घेणारीही विकली गेली,
आणि नोटीस आली ती सगुणदादांनाच.
नातवाने व्हिडिओ टाकला होता,
पडवीत बसून ते पेटीवर तीच चाल वाजवताना.
आता त्यात भाता हलतो,
दादांचे ओठ हलतात, मागून एक कोंबडी जाते.
आवाज नाही.

"माझा गाणा, आणि माकाच बंदी?"

वकील म्हणाले, कंपनीचं म्हणणं असं की
इतकी वर्षं आम्हीच ते खपवलं, जिवंत ठेवलं.
दादा हसले.
"म्हणजे कूळ लागला म्हणा गाण्याक.
जो कसतलो तेचा गाणा."

प्रतिज्ञापत्र टाइप करायला घेतलं.
'सदर चाल ही माझी स्वतंत्र निर्मिती असून'
इथे दादांनी हात वर केला.
"थांब गो. शिरोड्याक रापण ओढताना
पागी जां ओरडतत, तां मी उचललंय.
थंय दोरयेक हात लावलेल्या पोराकय वाटो गावता.
माझ्याकडसून कोणाक गावलो नाय. ह्यां लिही."

वकिलांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
"हे लिहिलं तर केसच उरत नाही, आरोलकर."
"बरां," दादा म्हणाले,
पण खुर्चीवरून उठले नाहीत.

मी 'स्वतंत्र निर्मिती' तसंच ठेवलं.
पुढची तारीख गणपतीनंतरची.
ते स्टॅम्पपेपरच्या कडेवर नखाने ठेका धरून बसले होते,
दोन लांब, एक तुटका, दोन लांब,
आणि बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं,
माझी बोटंही तशीच पडतायत.

मुद्दाम एक अक्षर चुकवलं.
खोडलं.
पुढच्या ओळीला पुन्हा तिथेच.