अर्थिंग

सात किलोवॅटचा की साडेतीनचा?
ॲपवाला? का रात्री वीज स्वस्त झाली की
आपला आपण जागा होणारा?
तीन कोटेशनं फ्रिजला चिकटवून
आम्ही आठवडाभर भांडलो.

खाजाभाईंनी एकही वाचलं नाही.
मीटरपाशी उकिडवे बसले,
फेज आणि अर्थला शंभरचा बल्ब जोडला.
पेटला, पण काविळीचा.
"मशीन कोणतंबी घ्या, ताई.
जमीनच सुकलीय तुमची.
हे हुशार मशीन तिला इचारल्याबिगर
एक युनिट सोडणार नाही."

मग अंगणात सहा फुटी खड्डा,
कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी
आणि वर उघडं ठेवलेलं पाइपाचं तोंड.
"रोज एक बादली. उन्हाळ्यात दोन."

आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी येतो.

साडेतीनचाच घेतला.
वाचलेल्या पैशांत दुसरी टाकी.
तांदळाचं धुवण आता
जास्वंदीच्या आधी गाडीला,
तेव्हा कुठं भिंतीवर हिरवा दिवा.

काल फाटकाशी बिडवे काका थांबले,
"काय ॲव्हरेज देते?"
हे बादली पालथी घालत म्हणाले,
"एका बादलीत औसा.
जाऊन-येऊन."